सेझ: निर्यात किती, नोकऱ्या किती आणि कुणाच्या?

सेझबद्दल, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल, एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "मी सातवीत असताना आमच्या तालुक्यात सेझ येणार म्हणून जमिनीची मोजणी झाली. आता माझं एम.ए. झालं. जमिनीला तारेचं कुंपण आहे आणि आत बाभळी वाढल्यात. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मात्र चीन, बांगलादेश, मॉरिशस यांची नावं देऊन लिहिलंय की सेझमुळे विकसनशील देशांची निर्यात आणि रोजगार वाढतो. खरं काय?"

दोन्ही खरं. तुमच्या बाभळीही खऱ्या आणि चीनही खरा. एकच शब्द दोन ठिकाणी इतका वेगळा का निघाला, ते सांगतो.

आधी मी कुठून बोलतोय ते. १९९६ साली मी अंधेरीच्या सीप्झ या निर्यात झोनमध्ये एका दागिन्यांच्या युनिटला एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनचा क्लार्क म्हणून लागलो. सेझ हा शब्द तेव्हा आपल्याकडे रुळला नव्हता, सगळे 'झोन' म्हणायचे. पुढची पंचवीसेक वर्षं हेच केलं: युनिटचे परवाने, कस्टमला द्यायची हमीपत्रं (बॉण्ड), विकास आयुक्तांच्या, म्हणजे झोनच्या सरकारी प्रमुखाच्या, ऑफिसातल्या फाइली. पुणे, चेन्नई, विशाखापट्टणम झालं, खरेदीदारांच्या कामानं चटगाव आणि कोलंबोही झालं. त्यामुळे माझं उत्तर गेटवरच्या माणसाचं आहे.

झोन म्हणजे कस्टमपुरता देशाबाहेरचा मुलूख. बंदरातून निघालेला कंटेनर झोनच्या गेटमधून आत गेला तर आयात शुल्क लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो माल भारतात आलेलाच नसतो. उलट आतला माल अंधेरी स्टेशनवर विकायचा म्हटलं तर तो परदेशातून आल्यासारखं शुल्क भरायचं. आमच्या युनिटमध्ये याचा अर्थ रोज डोळ्यांसमोर असायचा. पाळी सुटली की कारागिरांच्या अंगावरचे कपडे ब्रशनं झटकले जायचे, हात धुतलेलं पाणी वेगळ्या टाकीत जायचं, जमिनीवरचा केरसुद्धा पोत्यात भरून सोनं काढायला जायचा. मालकाला सोन्याची काळजी होतीच, पण त्या केरातल्या सोन्याचाही हिशेब कस्टमला द्यायचा असायचा. एक ग्रॅम कमी भरला तर तो 'भारतात गेला' आणि त्यावर शुल्क लागलं!

एवढा खटाटोप कुणी का करावा? कारण बाहेर त्याहून जास्त खटाटोप होता. कांडल्याला १९६५ मध्ये आशियातला पहिला निर्यात प्रक्रिया झोन निघाला, सीप्झ १९७३ चा. त्या काळात बाहेरच्या कारखानदाराला साधं मशीन आणायचं तर परवाना, कच्चा माल आणायचा तर परवाना, वर कंबरडं मोडणारं आयात शुल्क. दिलेलं शुल्क निर्यातीनंतर परत मिळायचं, पण कधी मिळेल ते देवालाच ठाऊक. झोनमध्ये हे सगळं टळायचं. म्हणून मी झोनला डायव्हर्शन म्हणतो. मुख्य रस्ता उखडलेला आहे, दुरुस्तीला वेळ लागेल, तोवर गाड्या बाजूनं काढा. (मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना डायव्हर्शन किती वर्षं टिकू शकतं ते सांगायला नको.) डायव्हर्शनचं मोल रस्ता किती खराब आहे त्यावर ठरतं. ज्या देशांनी डायव्हर्शन वापरता वापरता रस्ता दुरुस्त केला तिथं झोननं कमाल केली. जिथं डायव्हर्शनलाच टोलनाका, बगिचा आणि कोनशिला बसवल्या, तिथं बाभळी.

मॉरिशसचं घ्या. १९७० च्या त्यांच्या कायद्यात कुंपणच नव्हतं. बेटावर कुठंही कारखाना काढा, निर्यात करत असाल तर झोनच्या सवलती तुमच्या. हाँगकाँगचं भांडवल आलं, स्थानिक साखर कारखानदारांनीही पैसा घातला, स्वेटर आणि शर्ट विणणाऱ्या बायकांना घराजवळ काम मिळालं. २००६ मध्ये त्यांनी ती वेगळी व्यवस्थाच बंद केली. सगळ्यांना सारखे नियम लागू झाले, डायव्हर्शन रस्त्याला मिळालं.

बांगलादेशावर जरा थांबतो, कारण पुस्तकात तिथली गोष्ट बहुधा अर्धीच येते. चटगावचा ईपीझेड (निर्यात प्रक्रिया झोन) १९८३ चा. आज तिथल्या सरकारी ईपीझेड प्राधिकरणाच्या आठ झोनमध्ये मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं काम करतात, त्यांत बायका जास्त. आकडा मोठा आहे. पण बांगलादेशाच्या तयार कपड्यांच्या धंद्यात एकूण चाळीस लाखांच्या घरात कामगार आहेत. म्हणजे बहुतेक जण झोनच्या बाहेर! ते कसं झालं? १९७८-७९ च्या सुमारास देश गारमेंट्स नावाच्या कंपनीनं कोरियाच्या देवूशी करार केला आणि १३० जणांना शिकायला बुसानला पाठवलं. अमेरिकेत किती कापड पाठवायचं याचा कोरियाला ठरवून दिलेला कोटा भरत आला होता, त्यांना दुसऱ्या देशाचं लेबल हवं होतं. परत आलेल्या त्या १३० पैकी ११५ जण १९८७ पर्यंत नोकरी सोडून गेले, कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. देश गारमेंट्सचा कारखाना चटगावातच होता, पण झोनमध्ये नव्हता.

त्यांना हे जमलं ते दोन सोयींमुळे. पहिली बॉण्डेड वेअरहाउसची. कारखान्याच्या स्वतःच्या गोडाउनला कस्टमचं कुलूप, त्यात शुल्क न भरता कापड ठेवायचं, लागेल तसं काढायचं, शर्ट करून पाठवायचे. दुसरी बॅक-टू-बॅक एलसीची. अमेरिकन खरेदीदाराचं पतपत्र (एलसी, म्हणजे पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी) बँकेत ठेवलं की त्याच्या जोरावर कापडवाल्याच्या नावानं दुसरं पतपत्र निघतं, खिशात पैसा नसलेला माणूसही धंद्यात उतरू शकतो. चटगावात ज्या व्यापाऱ्याबरोबर मी काम केलं तो आधी एका कारखान्यात शिलाई लाइनचा सुपरवायझर होता. झोनमध्ये प्लॉट घेण्याची त्याची ऐपत कधीच नव्हती आणि गरजही पडली नाही. झोनमधली सोय तिथं गल्लीत पोचली होती. अर्थात या गल्लीतल्या पसाऱ्याची दुसरी बाजूही आहे. एप्रिल २०१३ मध्ये कोसळलेली सावरची राणा प्लाझा ही इमारत झोनबाहेरची होती, अकराशेहून जास्त माणसं गेली. झोनमधल्या इमारती तुलनेनं नीट बांधलेल्या होत्या, पण तिथं कामगार संघटना काढायला वर्षानुवर्षं बंदी होती.

चीनचं मी थोडक्यात सांगतो, त्यावर सगळेच लिहितात. १९८० मध्ये शेनझेन, झुहाई, शांताऊ, श्यामेन असे चार झोन, त्यांतला शेनझेन तीनशे चौरस किलोमीटरांहून मोठा आणि हाँगकाँगला खेटून. आपल्याकडे त्याच्या करसवलतींचीच चर्चा होते. शेनझेनला खरी मोकळीक मिळाली ती प्रयोगांची: कंत्राटी नोकरी, जमिनीच्या वापरहक्काचा लिलाव (पहिला १९८७ मध्ये), परकीय भांडवल. जमलं ते लगेच बाहेर काढलं. १९८४ मध्ये किनाऱ्यावरची आणखी चौदा शहरं खुली केली, १९८८ मध्ये जमिनीचा वापरहक्क हस्तांतरित करता यावा म्हणून राज्यघटना बदलली. मलेशियातल्या पेनांगनं वेगळ्या वाटेनं तेच साधलं. १९७२ मध्ये इंटेलसारख्या कंपन्या आल्या त्या सुटे भाग जोडायच्या कामासाठी. त्यांना जिग-फिक्श्चर (काम करताना सुटा भाग धरून ठेवणारी साधनं) करून देणारी गावातली छोटी वर्कशॉप्स वाढत गेली, आणि १९८९ मध्ये सरकार आणि कंपन्यांनी मिळून कामगारांना शिकवणारं केंद्र काढलं.

आता आपल्याकडे या. २००० मध्ये मुरासोली मारन वाणिज्यमंत्री असताना सेझ धोरण आलं, कायदा २००५ चा, अंमल फेब्रुवारी २००६ पासून. सेझची निर्यात २००५-०६ मध्ये बावीस-तेवीस हजार कोटी रुपयांची होती, २०१९-२० मध्ये ती आठ लाख कोटींच्या जवळ गेली. नोकऱ्या दीड लाखाच्या आतून बावीस लाखांपर्यंत. हे आकडे कुठल्याही भाषणात छान दिसतात. मी यातल्या बऱ्याच युनिटांचे अर्ज स्वतः भरलेत, म्हणून त्यांच्या पोटात काय आहे ते सांगतो.

या निर्यातीतला निम्म्याच्या आसपासचा वाटा आयटी सेवांचा. आयटी कंपन्यांना सॉफ्टवेअर पार्क योजनेत आयकर माफ होता, ती माफी ३१ मार्च २०११ ला संपली. सेझमध्ये मात्र पहिली पाच वर्षं पूर्ण आणि पुढची पाच वर्षं निम्मी माफी होती. मग काय झालं असेल? पुण्यात एका टेक पार्कातून दुसऱ्या टेक पार्कात बसेस वळल्या. माणसं तीच, प्रोजेक्ट तेच, ग्राहक तोच. जुन्या युनिटचं नुसतं स्थलांतर चालत नाही असं कायदा म्हणतो, म्हणून नव्या प्रोजेक्टची भरती नव्या पत्त्यावर आणि जुना पत्ता हळूहळू रिकामा. बेकायदा काही नव्हतं. पण 'सेझमुळे झालेली नोकरी' या रकान्यात ती माणसं मोजली गेली. त्यांतल्या किती नोकऱ्या सेझ नसता तरी झाल्या असत्या? माझा अंदाज, बऱ्याच.

दुसरा मोठा वाटा पेट्रोलियमचा. जामनगरला २००८ च्या डिसेंबरात सुरू झालेली रिलायन्सची दुसरी रिफायनरी सेझमध्ये आहे, दिवसाला ५ लाख ८० हजार बॅरल क्षमतेची. निर्यातीचा आलेख ती एकटी वर उचलते. रोजगाराचा नाही उचलत, रिफायनरीत माणसं लागतातच किती! याच्या उलट तमिळनाडूतल्या चेय्यारच्या सेझमधले बुटांचे कारखाने, किंवा विशाखापट्टणमजवळ अच्युतापुरमची ब्रँडिक्सची कपड्यांची नगरी. निर्यातीच्या रुपयांत जामनगरपुढं कुठंच नाहीत, पण पहाटे पाचला खेड्याखेड्यांतून बसेस निघतात आणि हजारो मुली मशीनवर बसतात. तेव्हा 'सेझमुळे निर्यात आणि रोजगार वाढतो' या वाक्यातला 'आणि' फसवा आहे. दागिन्यांत तर आणखी गंमत. शंभर रुपयांची अंगठी निर्यात झाली तर त्यातले बहुतेक रुपये बाहेरून आलेल्या सोन्याचे आणि हिऱ्यांचे, देशात राहते ती कारागिराची मजुरी आणि मालकाचा नफा.

सेझ युनिटवर एकच कडक बंधन आहे: पाच वर्षांच्या हिशेबात कमावलेलं परकीय चलन खर्चलेल्यापेक्षा जास्त हवं. किती जास्त ते सांगितलेलं नाही, एक रुपया जास्त असला तरी चालतं. रोजगाराचा आकडा अर्जात लिहावा लागतो, पण तो पाळला नाही म्हणून कुणाचं मंजुरीपत्र रद्द झालेलं मी पाहिलेलं नाही. मग मालक सांगायचे, "मोठा आकडा टाका, बरा दिसतो." मी टाकायचो. २०१४ मध्ये कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल आला तेव्हा तपासलेल्या सेझनी मिळून ३९ लाखांवर नोकऱ्यांची आशा दाखवली होती आणि प्रत्यक्षात ३ लाखही झाल्या नव्हत्या. त्या ३९ लाखांत माझ्याही हातचे काही शून्य असणार.

झालेल्या नोकऱ्या कशा असतात? कपडे, बूट, इलेक्ट्रॉनिक्स जुळणी, सगळ्या देशांत चित्र सारखं: वय अठरा ते पंचवीस, बहुतेक मुली, घरातली पहिली पगाराची पावती. मी या नोकऱ्यांना नाक मुरडणाऱ्यांपैकी नाही. सीप्झमध्ये वॅक्स विभागात, म्हणजे दागिन्यांचे मेणाचे नमुने करायला, बसणाऱ्या विरार-कल्याणच्या मुलींना मी पहिल्या बोनसमधून घरी फ्रिज घेताना पाहिलंय, लग्न दोन वर्षं पुढं ढकलताना पाहिलंय. पण पगाराइतकाच राहण्याचा प्रश्न असतो आणि झोनच्या आराखड्यात तो कुठंच नसतो. इथिओपियात हवासाचं औद्योगिक पार्क २०१६ मध्ये सुरू झालं, चकचकीत. मूळ पगार महिन्याला पंचवीस-सव्वीस डॉलर. खेड्यातून आलेल्या मुली एका खोलीत चार-चार, पगार भाड्यात आणि जेवणात जायचा, आणि पहिल्या वर्षात जितक्या भरल्या जवळजवळ तितक्या सोडून गेल्या. याउलट चेय्यारची मुलगी संध्याकाळी स्वतःच्या घरी जाते. पगार कितीही असला तरी हा फरक मोठा. झोन कुठं काढायचा हे ठरवताना सरकारं विमानतळापासूनचं अंतर मोजतात. बसनं तासाभरात किती गावं येतात तेही कुणी मोजायला हवं.

या नोकऱ्या किती टिकतील ते गेटच्या आत ठरत नाही. अमेरिकेनं आफ्रिकी देशांना दिलेली शुल्कमाफी मादागास्करनं २००९ च्या सत्तापालटानंतर गमावली आणि तिथल्या झोनमधले कारखाने धडाधड बंद झाले. इथिओपियाची तीच सवलत यादवी युद्धामुळे २०२२ च्या जानेवारीत गेली, हवासाची मुख्य अमेरिकन कंपनी त्याआधीच निघून गेली होती. आपल्याकडे श्रीपेरुंबुदूरच्या सेझमध्ये नोकियाचा कारखाना होता, भरात असताना थेट कामावर आठेक हजार माणसं. मोबाइलचा बाजार बदलला, करांचा वाद झाला, १ नोव्हेंबर २०१४ ला उत्पादन थांबलं. त्याच परिसरात पुढं दुसरे इलेक्ट्रॉनिक्स कारखाने आले, कारण तोवर तिथं कुशल माणूस, पुरवठादार आणि चेन्नईचं बंदर अशी सगळी मांड जमलेली होती.

२००८ ची दिवाळी मी विसरणार नाही. अमेरिकेतल्या दुकानांनी ख्रिसमसच्या ऑर्डरी रद्द केल्या. ज्या युनिटचं काम मी बघत होतो तिथं आठवड्याभरात सेटिंगचा, म्हणजे खडे बसवण्याच्या कामाचा, अर्धा मजला रिकामा झाला. कारागीर बंगालला परत गेले. आमचा माल देशात विकता आला असता, बाहेर लग्नसराई जोरात होती. पण झोनमधून बाहेर विकायचं तर पूर्ण शुल्क, त्या भावात घेणार कोण? मशीन बंद ठेवणं स्वस्त पडलं.

ही अडचण अजून आहे आणि आता तर विचित्र झाली आहे. आसियान (आग्नेय आशियातल्या) देशांशी मुक्त व्यापार करार झाल्यावर थायलंडमधला कित्येक प्रकारचा माल शून्य शुल्कात भारतात येतो, आणि पुण्याच्या सेझमध्ये बनलेल्या तशाच मालाला मात्र बाहेर येताना तयार मालाचं शुल्क लागतं. आयात कच्च्या मालापुरतंच शुल्क घ्या, अशी युनिटवाल्यांची मागणी जुनी आहे. २०१८ मध्ये उद्योगपती बाबा कल्याणी यांच्या सरकारी समितीनं सेझकडं निर्यातीपुरतं बघणं सोडा असंच सुचवलं. २०२२ च्या अर्थसंकल्पात नव्या कायद्याची घोषणाही झाली. दरम्यान डायव्हर्शनचं मोल उतरत गेलं: २०११ च्या अर्थसंकल्पात किमान पर्यायी कर (माफी असली तरी नफ्यावर निदान इतका भराच, असा) लागला, नव्या युनिटांची आयकर माफी २०२० मध्ये संपली, २०१९ मध्ये बाहेरच्या नव्या कारखान्यांनाच १५ टक्क्यांचा दर मिळाला, बाँडेड गोडाउनमध्ये उत्पादनाची सोय सुटसुटीत झाली. शिवाय २०१९ च्या ऑक्टोबरात जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलनं अमेरिकेच्या तक्रारीवर आपल्या निर्यात-सवलतींविरुद्ध निकाल दिला, सेझच्या सवलतीही त्यात होत्या. भारतानं अपील केलं, अपील ऐकणारं मंडळच सदस्यांअभावी ठप्प झालं, म्हणून ते लोंबकळतंय. रस्ता बरा होत चालला ही चांगली बातमीच आहे. फक्त ज्यांनी डायव्हर्शनसाठी जमिनी दिल्या त्यांना हे कुणी सांगितलं नाही.

तुमच्या बाभळी इथल्याच. कायदा आला तेव्हा बहुउत्पादन सेझला हजार हेक्टर सलग जमीन लागायची आणि करमाफी मोठी होती, मग जमिनीसाठी झोन निघाले. पेण-उरण-पनवेलचा महामुंबई सेझ सर्वांत मोठा. हेटवणे धरणाचं पाणी मिळू शकणाऱ्या पेणच्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला जनमत चाचणी झाली, शेतकरी कामगार पक्षाचे नेते एन. डी. पाटील त्या लढ्यात होते, सेझ झाला नाही. गोव्यात तर ३१ डिसेंबर २००७ ला मुख्यमंत्री दिगंबर कामतांनी सगळेच सेझ रद्द करत असल्याचं जाहीर केलं. पुणे जिल्ह्यातल्या खेडला शेतकऱ्यांना १५ टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं, त्या परताव्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. २०१९ च्या शेवटी किमान क्षेत्राची अट ५० हेक्टरवर आली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तुमच्या जमिनीचं काय, हे प्रश्नात विचारलं नाहीत, पण खरा प्रश्न तोच असणार. आधी सीप्झच्या विकास आयुक्तांच्या ऑफिसात माहितीच्या अधिकारात विचारा की तो सेझ अजून अधिसूचित आहे की रद्द झालाय. रद्द करून घेताना विकासकाला घेतलेल्या कर-सवलती परत भराव्या लागतात, त्याचे आदेश फाइलीत असतात. मग सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक बघून तो फेरफार काढा. जमीन १८९४ च्या कायद्यानं गेली, एमआयडीसीच्या कायद्यानं गेली, की विकासकानं थेट खरेदीखत केलं, ते त्यात कळेल. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १०१ आहे, पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा राज्याच्या लँड बँकेला परत करण्याचं. पण ते त्या कायद्यानं घेतलेल्या जमिनीला आहे. खरेदीखत असेल तर त्याचा उपयोग नाही, मग खरेदीखतातल्या अटी वाचाव्या लागतील, आणि त्यासाठी चांगला दिवाणी वकील गाठा, माझ्यासारखा झोनवाला नको.